मशीनचा नट माझ्या हातातून काढून न घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

तुमचं नाव कुठं लिहू नका, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एकाच लेथवर चालणाऱ्या शेडी पुष्कळ आहेत, त्यांतली एक तुमची, एवढंच. हे पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही ते घडी करून खिशात टाकलं असतंत आणि विषय बदलला असतात. आता भाचा मोबाइलवर वाचून दाखवेल. कृपा करून शेवटपर्यंत ऐका.

बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या लाकूडकाताच्या पटाश्या तेव्हापासून खोक्यात बोथट पडून होत्या. सांखेड्याच्या खराद्यांजवळ, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांजवळ, बसून त्यांनी ते काम उचललं होतं. नोकरी सांभाळून लाटणी, भोवरे, पाळण्याचे खुंट करायचे. मला ते पुन्हा सुरू करायचं होतं, आणि धारेशिवाय कातकाम होत नाही. म्हणून जुन्या बाजारातून तो धार लावायचा ग्राइंडर घेतला. बिडाचा, जड, सहा इंची दगडांचा. पाटीवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं, फक्त ‘मेड इन इंग्लंड’ आणि 2850 हा फेऱ्यांचा आकडा शाबूत. विकणारा म्हणाला, “बेन, मोटर मक्खन चालते. एक नट नाही, तो कुठंही मिळेल.” मी 2200 रुपये मोजले. घरी आणून पाहिलं तर डावीकडचा नट नाही, त्याच्या आतली फ्लँज, म्हणजे दगडाला दाबून धरणारी चकती, नाही, हत्यार टेकवायचा टेकू नाही आणि दगडाच्या बाजूचं झाकणही नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवले की अजून घसा दाटतो. एका दुकानात काउंटरवरचा माणूस माझ्याशी न बोलता माझ्या मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. दुसऱ्यानं सांगितलं, “मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो.” तिसऱ्यानं फ्लँजच्या जागी साधा वॉशर टाकून द्यायची तयारी दाखवली. आणि एका वर्कशॉपनं मशीन आठ दिवस ठेवून घेतलं, सरळ आट्यांचा नट पान्यानं जोर लावून चढवायला गेले आणि डाव्या टोकाचे पहिले दोन आटे मारून टाकले. वर मलाच ऐकवलं, “भंगार आणलंत ताई. वेल्डिंग मारून देऊ का?” फिरत्या दगडाचा नट वेल्डिंगनं बसवायचा! झाकण नसलेल्या मशीनवर, ज्याच्यासमोर मी तोंड करून उभी राहणार होते. त्यांना माझ्या डोळ्यांची, हातांची जराही फिकीर नव्हती. याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मशीनकडे बघण्याआधी मला स्टूल दिलंत, पाणी दिलंत आणि विचारलंत, “यावर काय घासणार?” इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी पटाशी दाखवली. तुम्ही ती अंगठ्यावर हलकेच फिरवलीत आणि म्हणालात, “वडिलांचा हात चांगला होता.”

मग तुम्ही मला उलट्या आट्यांचं कोडं सोडवून दाखवलंत. दोन्ही टोकांना सरळ आटे असते तर डावीकडचा नट मशीनच्या फिरण्यानंच सैल होत गेला असता, म्हणून त्या टोकाला आटे उलटे. वर ते जुन्या विलायती मापाचे: टोक अर्धा इंच जाड, इंचाला बारा आटे, आट्यांचा कोन 55 अंशांचा. आजचा मेट्रिक नट तिथं कसा बसणार? तीन आठवडे मी स्वतःला बावळट समजत होते. तुमच्या पाच मिनिटांच्या बोलण्यानं ते ओझं उतरलं.

काम तुम्ही कसं केलंत ते सगळं लिहीत बसत नाही. मेलेले आटे बारीक त्रिकोणी कानशीनं जिवंत केलेत, नट कातलात, दोन इंची फ्लँज मधून जरा खोलगट केलीत, म्हणजे ती दगडाला फक्त कडेनं धरेल. झाकण कुठून पैदा केलंत ते अजून सांगितलेलं नाहीत. मडकं घेताना वाजवून बघतात तसा दगड बोटावर टांगून लाकडी मुठीनं वाजवलात. डावा दगड भद्द वाजला, तेव्हा तो हातोडीनं फोडून टाकलात, दुसऱ्या कुणी चुकून लावायला नको म्हणून.

पण काका, हे पत्र त्यासाठी नाही. हे त्या नटासाठी आहे.

नवा दगड बसला, दोन्ही बाजूंना जाड टीपकागदाच्या चकत्या लागल्या, आणि तुम्ही तेल लावलेला नट माझ्या तळहातावर ठेवलात. “लावा.” लेथवरून उतरलेला, अजून कोमट होता तो. मी टोकावर धरला आणि सवयीनं उजवीकडे फिरवायला लागले. धरेना. पुन्हा फिरवला. धरेना. बाजूला दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. माझे कान तापले. आता हा माणूस “द्या इकडे” म्हणेल, असं वाटलं. आतापर्यंत सगळ्यांनी तेच केलं होतं. तुम्ही दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे होतात. काही बोलला नाहीत, हसला नाहीत. मी थांबले, तुम्ही सांगितलेलं आठवलं, नट डावीकडे वळवला, आणि पहिल्या आट्यानं तो अलगद आत घेतला. त्यानंतर तो लोण्यासारखा गेला. तेव्हा कुठं तुम्ही म्हणालात, “झालं. मशीन तुमचं.”

रिक्षात बसल्यावर मी रडले. दुःखानं नाही.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये या शहरात तंत्रशिक्षण देणारं कलाभवन काढलं. त्या इमारतीवरून मी लहानपणापासून जाते-येते, आणि शिकवणं म्हणजे तिथल्या वर्गांत चालतं ते, असंच समजत आले. तुमच्या शेडीत फळा नाही. पण समोरच्याला त्याच्या हातानं चुकू देणं आणि गर्दीची घाई स्वतःच्या अंगावर घेऊन त्याच्यासाठी थांबणं, हा सभ्यपणा मी मोठमोठ्या पदांवरच्या माणसांतही क्वचित पाहिला. तो आपल्या बडोद्यात अजून आहे, पत्र्याखाली, उन्हाळ्याच्या दुपारीही आहे, हे कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं.

पैसे विचारले तर तुम्ही जेमतेम दगडाचे आणि लोखंडाचे घेतलेत. मजुरीचं नाव काढल्यावर “पहिली वस्तू दाखवायला या” म्हणालात.

टेकू तुम्ही सांगितलात तसाच ठेवलाय, दगडापासून 3 मिलीमीटरच्या आत. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर बाजूला उभी राहते, चष्मा लावते. बाबांच्या गोल पटाशीला काल धार आली, जास्त तापून निळी न पडता. शिसवीचं एक लाटणं कातलंय, एका टोकाला किंचित जाड राहिलंय. तेच घेऊन रविवारी सकाळी येते. काकूंना सांगून ठेवा.

आपली,
दांडिया बाजारची ताई