पुटिका म्हणजे मेलेल्या जंतूंचा कचरा नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत जिवाणूंच्या पुटिकांवर, म्हणजे त्यांच्या आवरणातून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म फुग्यांवर, लेख वाचला. असा विषय मराठीत आला म्हणून बरं वाटलं, पण पुटिकांना ‘मेलेल्या जंतूंचे तुकडे’ म्हटलेलं खटकलं. शिवाय हा शोध कालपरवा परदेशात लागला, असा एकूण सूर.

कोलकात्याच्या एस. एन. चटर्जी आणि जे. दास यांनी १९६७ सालीच पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो प्रसिद्ध केले होते. वाढीला लागलेल्या, म्हणजे चांगल्या जित्या जंतूच्या बाहेरच्या आवरणाला फुगवटा येतो, त्याची मान आवळते आणि फुगा सुटा होतो. (ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असा माल बाहेर टाकतो, हे इंग्लंडात थोडं आधी लक्षात आलं होतं, तेही सांगायला हवं.) मी जन्मभर लॅबमध्ये स्लाइडी पाहिल्या, पुटिका एकदाही दिसली नाही. दिसणार कशी? त्या साधारण २० ते २५० नॅनोमीटरच्या, आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरच्या.

आमची आजी आषाढीला निघायची तेव्हा पटकीची सुई घ्यावी लागे. दोन दिवस दंड टणक, अंगात कणकण. “सुईतच पटकी घालतात मेले,” म्हणायची. फार चुकत नव्हती! त्या लशीत मारलेले अख्खे जंतू असत आणि त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष ताप आणी. पुटिका त्याच आवरणाची, म्हणून तेच एंडोटॉक्सिन अंगावर घेऊन फिरते. पांढऱ्या पेशी बाहेरून ते ओळखतातच. पण पुटिका गिळली की ते पेशीच्या आतही पोचतं. तिथे धोक्याची दुसरी घंटा वाजते, पेशी फुटते आणि दाह भडकतो. जंतू दूर असतानाही हे घडू शकतं. उलट बाजूने, जंतूवर चालून आलेली काही प्रतिजैविकं आणि जंतूभक्षी विषाणू पुटिकांनाच चिकटून वाया जातात. याला कचरा कसं म्हणायचं?

लेखात लशीवर जेमतेम एक ओळ आहे. न्यूझीलंडमध्ये मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेच्या) ‘बी’ गटाच्या जंतूची साथ हटेना, तेव्हा २००४पासून तिथल्या मुलांना त्याच जंतूच्या पुटिकांची लस दिली. डिटर्जंटने बरंचसं एंडोटॉक्सिन काढून टाकलेलं, म्हणून ती सोसते. नंतर हिशेब मांडला तर लस घेतलेल्यांत परमा (गनोरिया हा गुप्तरोग) कमी! २०१७च्या अभ्यासात परम्यापासून सुमारे ३१ टक्के संरक्षण दिसलं. दोन्ही जंतू एकाच कुळातले, आवरणातली कित्येक प्रथिनं सारखी. त्याच पुटिका असलेली पुढची लस इंग्लंडने ऑगस्ट २०२५पासून जास्त धोका असलेल्यांना परम्यासाठी द्यायला सुरुवात केली. ३१ हा आकडा थोडका वाटेल, पण परम्याचा जंतू एकेक औषधाला दाद देईनासा झालाय.

दुरुस्ती छापणार असाल तर कोलकात्याचं नाव तेवढं घाला. आणि जमलं तर पुटिका सुटतानाचा एखादा फोटोही.

एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली