टाचेचा युरिया आणि गोणीतला युरिया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या परभणी-हिंगोलीकडे जळवाताचा हंगाम सुरू होतो. कापूस वेचणाऱ्या बायका, फडातले ऊसतोडे यांच्या टाचांच्या भेगांतून चालताना रक्त येतं. शेजारच्या मावशींना मेडिकलवाल्याने युरियाची ट्यूब दिली. नातवाने नाव वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "हे तर पऱ्हाटीला टाकतो की आपण! कातडं जळंल माझं." ट्यूब फळीवरच राहिली.

खरं तर युरिया आपल्या कातडीत मुळातच असतो. वरच्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांपैकी तो एक. मलमातला युरियाही तेच काम करतो. (लघवीपासून काढतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: 1828 साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत बनवला, आणि आता कारखान्यात अमोनिया व कार्बन डायऑक्साइडपासून बनतो.)

भानगड आहे ती टक्क्यांची. 10 टक्क्यांपर्यंतचा युरिया ओलावा देतो. 20-30 टक्क्यांचा जाड, निबर कातडी सैल करून सोलतो. 40 टक्क्यांचा तर बुरशीने खराब झालेलं नख मऊ करून काढायला डॉक्टर वापरतात. टाचेची ट्यूब कुणी चेहऱ्याला फासली तर आग होणारच. पण टक्के लिहिलेले असतात इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात.

याच्या उलट, "युरियाच ना, मग गोणीतला मूठभर पाण्यात टाका अन् पाय बुडवा" असा सल्ला देणारे महाभागही पारावर भेटतात. कृपा करून असं करू नका. रसायन तेच असलं तरी खत औषधाच्या शुद्धतेचं नसतं. त्यात युरिया बनवताना तयार होणारं बाययुरेट हे नको असलेलं रसायन असतं, वर निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि मुठीला टक्के कळत नाहीत. तेही उघड्या भेगेत!

मलम आंघोळीनंतर पाय टिपून, कातडी जराशी ओलसर असतानाच लावावं. रक्त येणाऱ्या भेगेत झोंबतं, तिथे नको. बोटांच्या बेचक्यातही नको. तान्ह्या लेकरांना डॉक्टरांना न विचारता लावू नये. शुगरवाल्यांनी आधी पाय डॉक्टरांना दाखवावेत. त्यांना भेगेतली जखम कित्येकदा कळतही नाही आणि ती चिघळते.

मेडिकलवाल्यांना एवढीच विनंती की ट्यूब हातात देताना टक्के किती आणि लावायचं कुठं, हे दोन शब्दांत सांगावं. कंपन्यांनीही ते मराठीत, ठळक छापावं.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. परभणी