ग्येर्ग्य या नावासाठी: वसईच्या एका सिस्टरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापू नये ही आपली अट मी पाळतो आहे. मात्र आभार उघडपणे मानण्याची परवानगी मी आपल्याकडून आग्रहाने मागून घेतली होती, तिचा उपयोग आज करतो. बाल्कन प्रदेशाच्या इतिहासावरील एका मराठी पुस्तकाची नामसूची तयार करण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्यातील एका अल्बेनियन नावापाशी मी जवळजवळ पाच महिने अडून बसलो होतो, हे आपण जाणताच. रोमन लिपीत हे नाव लिहिताना जी, जे, ई, आर, जी, जे अशी सहा चिन्हे ओळीने येतात. माझ्या हस्तलिखितात ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले गेले होते: एकदा 'जॉर्ज', एकदा 'ग्जेर्ग्ज' आणि एकदा 'जर्ज'. दोन-तीन ठिकाणी पत्रे पाठवून विचारणा केली, उत्तर आले नाही. अखेर अल्बेनियातील श्कोडर शहरात अकरा वर्षे काढून परतलेल्या एक सिस्टर वसईतच राहतात, असे एका स्नेह्याकडून कळले आणि मी आपल्या दाराशी आलो.

त्या दुपारी व्हरांड्यात बसून आपण कालनिर्णयाच्या जुन्या पानाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने चार चौकोन काढलेत, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिल्या चौकोनात आपण जी आणि जे ही दोन चिन्हे एकत्र लिहिलीत, दुसऱ्यात ई, तिसऱ्यात आर आणि चौथ्यात पुन्हा जी-जे. "हे नाव सहा अक्षरांचं नाही, चारच अक्षरांचं आहे," असे आपण म्हणालात, आणि माझी अर्धी अडचण तेथेच सुटली. अल्बेनियन वर्णमालेत 36 वर्ण आहेत, त्यांपैकी नऊ वर्ण दोन-दोन चिन्हे जोडून लिहिले जातात, आणि तरीही त्यांतील प्रत्येक वर्ण स्वतंत्र मानला जातो. म्हणून शब्दकोशात 'जी'चे शब्द संपल्यावर 'जी-जे'चा वेगळा विभाग सुरू होतो. आपल्याकडे 'ख' हा 'क' आणि 'ह' यांची जोडी नसून स्वतःच एक वर्ण आहे, तसेच हे. इतकी साधी गोष्ट मला पाच महिने दिसली नव्हती, कारण मी ते नाव इंग्रजीच्या डोळ्यांनी वाचत होतो.

उच्चाराचा प्रश्न त्याहून अवघड होता, आणि त्याबद्दलचे आपले ऋण सर्वांत मोठे आहे. मी 'जेर्ज' असे सुचवले तेव्हा आपण ते मला मोठ्याने वाचायला लावलेत, आणि मी वाचताच हसून विचारलेत, की शेवटचा 'ज' मी 'कर्ज' या शब्दातल्यासारखा का उच्चारला. खरे तर कोणताही मराठी वाचक तो तसाच उच्चारील. 'जावई' आणि 'जेवण' या दोन शब्दांतले 'ज' आपण वेगवेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. 'चमचा' आणि 'चंद्र' यांचेही तसेच. अल्बेनियन लिपीने मात्र या चारही ध्वनींना स्वतंत्र वर्ण दिले आहेत, आणि शिवाय 'जी-जे'चा जो पाचवा ध्वनी आहे, तो मराठीत नाहीच. जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून 'ग' आणि 'य' एकाच झटक्यात म्हणायचे, असे आपण मला शिकवलेत. हिंदी भाषक 'ज्ञान' हा शब्द 'ग्यान' असा म्हणतात त्याच्या जवळपासचा, पण अधिक घट्ट. उत्तरेकडच्या अनेक घेग बोलींत हा ध्वनी 'जेवण'मधल्या 'ज'शी एकरूप झाला आहे, हेही आपणच सांगितलेत, आणि श्कोडरच्या गल्ल्यांत आपल्या कानांवर पडलेले नाव व शाळेच्या पुस्तकातले नाव अशी दोन्ही मला ऐकवलीत. प्रमाण भाषेचा मान राखून मी अखेर 'ग्येर्ग्य' हे रूप स्वीकारले आहे. ते डोळ्यांना जड वाटते, हे मला मान्य आहे. परंतु हलके आणि चुकीचे रूप छापण्यापेक्षा जड रूप छापून प्रारंभी एक टीप द्यावी, हा आपला सल्ला मला पटला.

याच नावाला चालू वाक्यात 'ग्येर्ग्यी', 'ग्येर्ग्यिन', 'ग्येर्ग्यित' अशी रूपे का येतात, याचाही उलगडा आपण केलात. नाव कर्ता म्हणून आले की त्याला निश्चितता दाखवणारा प्रत्यय लागतो, कर्म झाले की दुसरा, आणि षष्ठीत तिसरा. 'रामाने, रामाला, रामाचा' म्हणत वाढलेल्या माणसाला हे परके वाटू नये. तरीही माझ्या सूचीत ही तिन्ही रूपे तीन वेगळ्या व्यक्ती म्हणून नोंदली गेली होती.

त्याहून गंभीर चूक आरियानिती यांच्या बाबतीत झाली होती. मध्य अल्बेनियातील सरदार ग्येर्ग्य आरियानिती यांनी 1430 च्या दशकात उस्मानी (ऑटोमन) फौजांविरुद्ध उठाव केले, आणि 1451 मध्ये त्यांची कन्या दोनिका हिचा विवाह ग्येर्ग्य कास्त्रिओती यांच्याशी झाला. सासरा आणि जावई यांचे नाव एकच असल्यामुळे माझ्या सूचीत दोघांचे पृष्ठक्रमांक एकमेकांत मिसळले होते. आपण बोट ठेवून दाखवले नसते, तर पुस्तक तसेच छापले गेले असते.

ग्येर्ग्य कास्त्रिओती म्हणजेच स्कंदरबेग. सुमारे 1405 मध्ये जन्मलेला हा राजपुत्र ग्योन कास्त्रिओती यांचा मुलगा. त्याला उस्मानी दरबारात ओलीस म्हणून पाठवण्यात आले आणि तेथे त्याला 'इस्कंदर' हे नाव मिळाले, जे आपल्याकडे 'सिकंदर' या रूपाने घरोघरी माहीत आहे. नोव्हेंबर 1443 मध्ये नीशच्या लढाईच्या वेळी त्याने सुलतानाची बाजू सोडली आणि क्रूयाचा किल्ला ताब्यात घेतला. 2 मार्च 1444 रोजी लेझा येथे अल्बेनियन सरदारांचा संघ उभा राहिला. त्यानंतर 1450, 1466 आणि 1467 असे क्रूयाला तीन वेढे पडले आणि त्याच्या हयातीत किल्ला पडला नाही. 17 जानेवारी 1468 रोजी लेझा येथे त्याचा मृत्यू झाला, आणि दहा वर्षांनी, 1478 मध्ये, क्रूया उस्मानींच्या हाती गेले. हे सारे मला पुस्तकांतून मिळाले होते. आपण त्यात जी भर घातलीत ती नावाविषयीची होती: ज्या माणसाला जग त्याच्या दरबारी नावाने ओळखते, त्याला अल्बेनियन आई आपल्या मुलाचे नाव ठेवताना बाप्तिस्म्याच्या नावाने आठवते. म्हणून सूचीत आता मुख्य नोंद 'कास्त्रिओती, ग्येर्ग्य' अशी आहे आणि 'स्कंदरबेग' या शब्दापुढे तिच्याकडे निर्देश केला आहे. पूर्वी हे उलट होते.

कवी ग्येर्ग्य फिश्ता यांच्याविषयी बोलताना आपला आवाज बदलला होता. 1871 मध्ये झाद्रिमा भागातील फिश्ता या खेड्यात जन्मलेल्या या मुलाचे बाप्तिस्म्याचे नाव झेफ होते, आणि ग्येर्ग्य हे नाव त्यांनी फ्रान्सिस्कन संघात आल्यावर घेतले, हे ऐकेपर्यंत मी ते त्यांचे जन्मनावच समजत होतो. गावाचे नाव आडनाव म्हणून लावण्याची ही रीत आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांची आठवण करून देणारी आहे, असे मी म्हणालो. त्यावर आपण सांगितलेत, की व्रत घेताना नवे नाव कसे आणि का स्वीकारले जाते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागले नाही. आपणही त्या वाटेने गेला होता. 'लहूता ए माल्सीस' हे त्यांचे तीस सर्गांचे महाकाव्य 1937 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले आणि 1940 च्या डिसेंबर महिन्यात श्कोडर येथे त्यांचे निधन झाले. नंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीने त्यांच्या लेखनावर जवळजवळ अर्धे शतक बंदी घातली आणि त्यांचे थडगेही अबाधित राहू दिले नाही. आपण ज्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला जात होता, ते 1967 नंतर क्रीडागृह म्हणून वापरले गेले होते. 1975 च्या एका सरकारी हुकमाने तर राजकीय, वैचारिक व नैतिक दृष्टीने 'अयोग्य' ठरणारी व्यक्तिनामे बदलण्याची सक्ती केली. धार्मिक नावांच्या जागी अग्रोन, तेउता, बार्धिल अशी प्राचीन इलिरियन नावे पुढे करण्यात आली. दप्तरात एक नाव आणि चुलीपाशी दुसरे नाव घेऊन वाढलेली माणसे आपण पाहिली होतीत, त्यांच्याविषयी आपण सांगितलेले मी येथे लिहीत नाही, कारण ते त्या माणसांचे आहे. परंतु नामसूची करणाऱ्याने नावाकडे किती जपून पाहावे, हे मला त्या अर्ध्या तासात कळले.

आणि मग मनास्तिर. 14 ते 22 नोव्हेंबर 1908 या काळात आजच्या उत्तर मॅसेडोनियातील या शहरात अल्बेनियन वर्णमाला ठरवण्यासाठी परिषद भरली होती. तोवर ही भाषा रोमन, ग्रीक आणि अरबी अशा निरनिराळ्या लिप्यांत, ज्याच्या त्याच्या पद्धतीने लिहिली जात होती. वर्णमालेचा निर्णय करण्यासाठी अकरा जणांची समिती नेमण्यात आली, तिच्यात मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे सर्व होते, आणि तिचे अध्यक्षपद फिश्ता यांच्याकडे होते. याच समितीत मनास्तिरचेच प्रोटेस्टंट कार्यकर्ते ग्येर्ग्य क्यिरियाझी हेही होते. त्यांची बहीण पाराश्केवी हीदेखील त्या परिषदेला हजर होती. हे मी आपल्याला वाचून दाखवले, तेव्हा आपण काही क्षण बोललाच नाहीत. मग कालनिर्णयाच्या त्या पानावरच्या पहिल्या चौकोनावर पेन्सिल टेकवून म्हणालात, "म्हणजे हे अक्षर कसं लिहायचं ते ठरवायला दोन ग्येर्ग्य बसले होते." ही गोष्ट मी तोवर अनेकदा वाचली होती, पण ती अशी कधी पाहिली नव्हती. एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट प्रचारक, दोघांच्या नावाच्या आरंभी आणि अंती तोच ध्वनी, आणि तो ध्वनी लिहिण्याची सर्वमान्य रीत अजून ठरायची आहे. माझ्या प्रस्तावनेतला सर्वांत चांगला परिच्छेद या एका वाक्यावर उभा आहे, आणि ते वाक्य आपले आहे.

ग्येर्ग्य एलेझ अलिया याची कथा मात्र सूचीत घ्यावी की नाही, याबद्दल आपले आणि माझे मत जुळले नव्हते. तो इतिहासातला नाही, म्हणून त्याला वगळावे, असे माझे म्हणणे होते. नऊ जखमा घेऊन नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेला हा वीर, त्याची शुश्रूषा करणारी बहीण, समुद्रातून येऊन खंडणी मागणारा बलोझ हा राक्षस, आणि बहिणीचे अश्रू अंगावर पडताच छप्पर गळते आहे की काय असे विचारणारा भाऊ, ही सारी एकतारी लहूतेवर गायल्या जाणाऱ्या डोंगराळ मुलखातल्या गाण्यांची दुनिया आहे. बलोझाला मारून तो घरी परततो आणि भाऊ-बहीण एकमेकांच्या मिठीत प्राण सोडतात. आपण मला केवळ त्याच्या नावाकडे पाहायला सांगितलेत: 'ग्येर्ग्य' हे ख्रिस्ती नाव आणि 'अलिया' हे मुसलमानी, आणि दोन्ही एकाच माणसाची, ज्याला दोन्ही धर्मांचे श्रोते आपला मानतात. मी माघार घेतली. त्याची नोंद आता सूचीत आहे, पुढे 'दंतकथा' असा शब्द कंसात घालून.

निघताना आपण माझ्या हातावर घरच्या सुकेळ्यांची पुडी ठेवलीत आणि सहज विचारलेत, की या नावाचा मूळ अर्थ मी लिहिला आहे का. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जमीन कसणारा, शेतकरी. आपले वडील वसईत केळीची बाग करीत, आणि श्कोडरमध्ये पहिल्यांदा हा अर्थ कळला तेव्हा आपल्याला घरची आठवण झाली होती, असे आपण म्हणालात. तो अर्थ माझ्या मसुद्यात नव्हता. आता नोंदीच्या पहिल्याच ओळीत आहे.

या पत्रासोबत नामसूचीच्या 'ग' विभागाची मुद्रिते पाठवीत आहे. 'ग'चे शब्द संपल्यावर 'ग्य'चा वेगळा विभाग सुरू केला आहे. मराठी सूचीत असे करण्याचा प्रघात नाही, तरी मुद्रकाने ते मान्य केले. त्यात कास्त्रिओती, आरियानिती, फिश्ता आणि क्यिरियाझी या चौघांकडे निर्देश आहेत आणि पाचवा एलेझ अलिया आहे. क्यिरियाझी यांच्या आडनावाचा पहिला वर्ण मी ऐकला तसा लिहिला आहे, पण त्याविषयी माझी पूर्ण खात्री नाही. तेवढे एकदा मोठ्याने वाचून पाहावे आणि चुकले असल्यास समासात पेन्सिलीने दुरुस्त करावे, ही विनंती. कालनिर्णयाचे ते पान मी परत करणार होतो, परंतु आपली हरकत नसेल तर ते माझ्यापाशीच राहू द्यावे.

आपला कृतज्ञ,
एक सूचीकार