स्टार कसा घडवतात: गाणाऱ्या लेकीला पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गाणी काढणाऱ्या कंपनीबरोबरची तुझी पुढची बैठक तुझ्या ‘इमेज’वर आहे. म्हणजे नाव, कपडे, फोटो आणि तुझ्याविषयी लोकांना सांगायची गोष्ट. ‘मला खोटं बनवतील का?’ असं तू विचारलंस. सरसकट खोटं सहसा कुणी बनवत नाही, कारण ते टिकवायला फार खर्च येतो आणि उघडं पडलं की सगळंच बुडतं. तुझ्यातल्याच दोन-तीन गोष्टी उचलायच्या, त्या ठळक करायच्या आणि बाकीच्या झाकून ठेवायच्या, अशी ही रीत आहे. त्यामुळे बघायचं ते हे, की ही निवड कोण करतं आणि ती तुला किती वर्षं पेलवेल.

बीटल्स या ब्रिटिश बँडचंच घे. ब्रायन एपस्टाइन त्यांचे मॅनेजर झाले आणि १९६२ मध्ये चौघांची लेदरची जाकिटं जाऊन एकसारखे सूट आले. कार्यक्रम संपला की चौघांनी एकदम कमरेत वाकून अभिवादन करायचं, हेही ठरलं. त्यांचा हजरजबाबीपणा मात्र मूळचाच होता आणि तो तसाच राहू दिला गेला. पुढच्याच वर्षी अँड्र्यू लूग ओल्डम या मॅनेजरने रोलिंग स्टोन्स हा दुसरा बँड हाती घेतला आणि त्याला नेमकं उलट उभं केलं: आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात अशी पोरं. त्या चित्रात पियानोवादक इयन स्टुअर्ट बसत नव्हते, म्हणून त्यांना अधिकृत बँडमधून वगळलं. रेकॉर्डिंगमध्ये ते पुढेही वाजवत राहिले, बँडच्या फोटोंत मात्र त्यांना जागा नव्हती. प्रतिमा ही अशी बाजारात आधीपासून असलेल्या कुणाच्या तरी शेजारी ठेवून आखतात. बैठकीत तुला ‘रेफरन्स’ म्हणून तीन-चार गायिकांचे फोटो दाखवतील. तेव्हा सरळ विचार, ‘यांच्यापेक्षा मी वेगळी कशात?’ उत्तर फक्त कपड्यांपाशी थांबलं, तर तुझी गाणी त्यांनी नीट ऐकलेली नाहीत असं समज.

घडवणं मुळातच वाईट, असं मात्र मानू नकोस. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या गाण्यांच्या कंपनीचा पाया घातला. त्याआधी ते मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या ओळीवर काम करत होते, आणि कामाची तीच वाटणी त्यांनी गाण्यात आणली. मॅक्सिन पॉवेल चालणं, बसणं, मोटारीतून उतरणं, मुलाखतीत बोलणं शिकवायच्या. चॉली अ‍ॅटकिन्स नाच बसवून घ्यायचे. मॉरिस किंग संगीताची तयारी करून घ्यायचे. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय गायकांना बड्या क्लबांची आणि टीव्हीची दारं उघडून घ्यायची होती. त्या शिकवणीतलं पुष्कळसं गायकांच्या अंगात कायमचं मुरलं. माझं मत विचारशील, तर कंपनी जे शिकवेल ते सगळं घे. श्वास, माइक धरणं, कॅमेऱ्यात बघणं, थकलेली असताना नीट बोलणं, काहीच सोडू नकोस. कंपनी जे चढवू पाहील, त्याबद्दल मात्र वेळ मागून घे.

स्टार आपल्यासारखा वाटायला हवा आणि आपल्यापेक्षा फार वेगळाही वाटायला हवा. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी सिनेमातल्या ताऱ्यांबद्दल हा पेच मांडला. गाण्याच्या धंद्याला तो तंतोतंत लागू पडतो. म्हणून एकीकडे दिव्यांच्या झगमगाटातला व्हिडिओ निघतो आणि दुसरीकडे केस विस्कटलेले, फोनवर काढलेला ‘सहज’ व्हिडिओ. हा दुसराही ठरवूनच केलेला असतो. तो कुठल्या दिवशी टाकायचा, मागे काय दिसू द्यायचं, कुठलं वाक्य अर्धवट ठेवायचं, याची चर्चा आधी झालेली असते. दोन्हींचं प्रमाण गाण्याच्या प्रकारावर ठरतं. पॉपमध्ये नटणं लोक आनंदाने स्वीकारतात. रॉकमध्ये न नटल्यासारखं दिसावं लागतं. रॅपमध्ये तर गाणाऱ्याच्या आयुष्याचाच पुरावा मागतात.

यात फसतं कुठे, ते १९९० च्या नोव्हेंबरात दोनदा दिसलं. व्हॅनिला आइस या रॅपरचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि लगोलग डॅलसच्या एका दैनिकाने छापलं, की प्रसिद्धीसाठी सांगितलेलं त्यांचं पूर्वायुष्य आणि खरं पूर्वायुष्य यांचा मेळ बसत नाही. पॉप गायकाला हे कदाचित पचलं असतं, रॅपरला नाही. त्याच महिन्यात मिली व्हनिली या जोडीचा ग्रॅमी परत घेतला गेला, कारण अल्बमवरचे आवाज दुसऱ्याच गायकांचे होते. ही मांडणी निर्माते फ्रँक फारियान यांची होती, पण लोकांचा राग पडला तो पडद्यावर दिसणाऱ्या दोन तरुणांवर. निर्णय कुणीही घेतलेला असो, हिशेब चेहऱ्याकडून वसूल होतो. हे मनावर कोरून ठेव.

उघडपणे घातलेला मुखवटा यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी मंचावर स्वतः वठवायचं झिगी हे पात्र १९७२ मध्ये उभं केलं आणि ३ जुलै १९७३ ला लंडनच्या मंचावर स्वतःच संपवलं. ते पात्र आहे हे प्रेक्षकांना पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे उघडं पडण्यासारखं काही नव्हतंच. शिवाय थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. तुला एखादं पात्र सुचत असेल, तर ते असं जाहीरपणे कर.

आता कामाचं. गाण्याच्या मुखपृष्ठाची फाइल साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलची, चौकोनी मागतात. ऐकणारा मात्र ती फोनवर नखाएवढी बघतो. म्हणून पसंत पडलेला फोटो ६४ पिक्सेलपर्यंत लहान करून बघ, मग तोच कृष्णधवल करून बघ. गडद केसांमागे गडद भिंत असेल तर डोक्याची कड विरघळते, बारीक नक्षी पुसट होते, पातळ अक्षरं दिसतच नाहीत. चेहऱ्याची किंवा अंगाची बाह्यरेषा, एखादा ठळक रंग आणि एखादी वस्तू एवढंच तगून राहतं. चांगले स्टायलिस्ट काम करतात ते त्या बाह्यरेषेवर. १९८३ मध्ये मायकल जॅक्सन टीव्हीवर मूनवॉक करताना दिसले, तेव्हा घोट्याच्या वर संपणारी काळी पँट आणि चमकते पांढरे मोजे होते. त्यामुळे नजर पायांवरच खिळते. एकाच हातातला हातमोजा, हॅट आणि ती पँट एवढ्यावर त्यांची नुसती सावलीही ओळखता येते. तुझ्या बाबतीत विचारायचं ते हे, की तू मंचावर नेमकं काय करतेस आणि लोकांनी कशाकडे बघावं. हातांनी पेटी वाजवणाऱ्या मुलीला लांब, लोंबत्या बाह्या देणारा स्टायलिस्ट कितीही नावाजलेला असला, तरी तुझ्या कामाचा नाही.

एका शूटमध्ये शेकडो फोटो निघतात आणि त्यांतले मोजके वापरात येतात. सगळे बघायला माग. नको असलेले त्याच आठवड्यात लेखी कळव, कारण एकदा फोटो बाहेर गेला की तो मागे घेता येत नाही.

परिचय तू स्वतः लिही: ३०० शब्दांचा, १०० शब्दांचा आणि ५० शब्दांचा. घाईत असलेले वार्ताहर तो जसाच्या तसा उचलतात, म्हणून त्यात गेलेली चूक वर्षानुवर्षं फिरत राहते. प्रत्येक वाक्याला ‘हे कुणी तपासलं तर?’ असं विचार. मुलाखतीच्या तयारीत तुला तीन मुद्दे पाठ करायला लावतील आणि कुठल्याही प्रश्नावरून त्यांच्याकडे वळायला शिकवतील. ते जरूर शिक. त्याच दिवशी कुठल्या विषयांवर अजिबात बोलणार नाहीस, त्याची यादीही हातात दे. घर, धाकटा भाऊ, आजारपणं त्यात असू देत. आज दुःख विकून कुतूहल मिळतं, पण पुढच्या गाण्याला लोक त्याहून मोठं दुःख मागतात.

नाव नक्की करण्याआधी ते सगळ्या संगीत सेवांवर शोध. आधीच कुणी वापरत असेल तर तुझी गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात. मग ट्रेडमार्क घे: ध्वनिमुद्रणांसाठी वर्ग ९, कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, पुढे कपडे विकायचे असतील तर वर्ग २५. नोंदणी तुझ्याच नावावर हवी. १९९३ मध्ये कंपनीशी बिनसल्यावर अमेरिकन गायक प्रिन्स यांनी आपल्या नावाऐवजी उच्चार नसलेलं चिन्ह घेतलं होतं. एवढ्या मोठ्या कलाकारावर ती वेळ आली.

प्रकाशनाच्या वेळापत्रकावर फार लिहीत नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं, पण चार आठवडे हाताशी ठेव. फोटो, परिचय आणि गाणं यांतून एकच माणूस दिसतोय ना, एवढं त्याआधी पाहून घे.

करार मात्र सावकाश वाच. कपडे, व्हिडिओ, प्रसिद्धी यांचा खर्च कंपनी आधी करते आणि बहुतेक वेळा तुझ्या वाट्यातून वळता करून घेते. समज, १०० रुपये खर्च झाला आणि तुझा वाटा २० टक्के आहे. तर ५०० रुपयांची कमाई होईपर्यंत तुझ्या हातात काहीच पडत नाही. म्हणजे तुला न आवडलेल्या व्हिडिओचे पैसेही तूच भरतेस. कुठला खर्च वळता होणार, त्यातला किती टक्के आणि कुठल्या रकमेच्या वर तुझी परवानगी लागेल, हे कागदावर हवं. प्रतिमेच्या कलमात ‘कलाकाराशी सल्लामसलत करून’ असं लिहिलेलं असेल तर ते बदलून ‘कलाकाराच्या लेखी मान्यतेने’ करून घे. सल्ला विचारून तो बाजूला ठेवता येतो.

मुदतही बघ. दक्षिण कोरियात टीव्हीएक्सक्यू या बँडमधले तिघे २००९ मध्ये १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी तिथल्या निष्पक्ष व्यापार आयोगाने नमुना करार आणून सात वर्षांची मर्यादा घातली. करार संपल्यावर कंपनी तुझे जुने फोटो किती काळ आणि कशासाठी वापरेल, तेही लिहून घे. जुनी गाणी विकण्यापुरते वापरू देत, नव्या वस्तूंवर नकोत.

आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल संगणकावर करता येते, तेव्हा त्याचं कलम वेगळं हवं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०२४ मध्ये कलाकाराच्या आवाजाला कायद्याने संरक्षण दिलं, पण सगळीकडे असा कायदा नाही. ‘सध्याच्या आणि भविष्यातल्या सर्व तंत्रांनी’ असे शब्द दिसले की तिथे खूण कर. प्रत्येक वापरासाठी स्वतंत्र, लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला, एवढं मागणं वाजवी आहे.

मसुदा आला की आधी खर्चाचं, प्रतिमेचं आणि आवाजाचं अशी तीन कलमं मला पाठव. संगीताचे करार बघणाऱ्या वकिलाकडे पूर्ण मसुदा द्यायचाच आहे, आणि तो वकील कंपनीने सुचवलेला नको. तोपर्यंत बैठकीत फोटो काढू दे, कपडे घालून बघ, ऐकून घे. सही कशावरही करू नकोस.

तुझी,
आई