पंचनाम्यात न आलेली वाट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2025च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पावसाने जे नेले त्याचे पंचनामे झाले. पिके, घरे, जनावरे, पूल, डांबरी रस्ते. कुणाच्या पदरात किती पडले, हा वेगळा विषय. आमच्या किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठाने जंगलातून जाणारी एक पायवाट मात्र कुठल्याच यादीत आली नाही. तिला क्रमांक नाही, रस्त्यांच्या नोंदीत ती नाही, त्यामुळे ती वाहून गेल्याचे कागदावर दाखवताही येत नाही. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, ‘दुसरा रस्ता आहे ना?’

आहे. पण ही वाट गोंड आणि कोलाम पाड्यांची आहे. आषाढात आखाडीच्या सणाला गावाबाहेरच्या देवाकडे ते याच वाटेने जातात, आणि दिवाळीत दंडारीही, म्हणजे नाचणारी मंडळी, हिच्यावरूनच एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी जाते. वाटेत ठरावीक झाडाखाली, ठरावीक दगडापाशी थांबायचे, नाव घ्यायचे, मग पुढे. गेल्या दिवाळीत मंडळी टेम्पोतून डांबरी रस्त्याने गेली. दंडारीत नाचणाऱ्या घुसाडींचे मोरपिसांचे टोप मोडू नयेत म्हणून पोरांनी ते मांडीवर धरले होते. गावे गाठली, थांबे मात्र सगळे चुकले.

शेजारच्या, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेश्राम घराण्याचे गोंड गोदावरीचे पाणी आणायला आजही अनवाणी पायी जातात. तिथे कुणी ‘गाडीने आणा की’ म्हणत नाही. पंढरीच्या वारकऱ्यालाही कुणी म्हणणार नाही. मग आमच्याच कोलामांना का?

प्रत्यक्ष नुकसान पाहिले तर काम डोंगराएवढे नाही. नाला नदीला मिळतो तिथे दरड खचली आहे. अर्जुनाची मुळे उघडी पडलीत आणि म्हाताऱ्या बायका त्या मुळांना धरून, बसत बसत खाली उतरतात. त्याच्या वर उताराचे पाणी वाटेवरूनच धावल्याने गुडघाभर घळ पडली आहे. दरडीच्या पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरून आधार द्यावा, वर दगडी पायऱ्या कराव्यात आणि उतारावर जागोजाग तिरके दगड रोवून पाणी वाटेच्या बाहेर काढून द्यावे. पाणी वळवले नाही तर ओतलेला मुरूम पहिल्याच मोठ्या पावसात पैनगंगेत जाईल. रोजगार हमीतून पाड्यावरच्याच माणसांना हे काम देता येईल.

मला खरी धास्ती आहे ती जेसीबीची. दुरुस्ती मंजूर झालीच तर कुणीतरी हौसेने वाट दहा फूट रुंद करेल. त्यात चढाची बाजू कापली जाईल, झाडे जातील, मोकळी माती पुन्हा घसरेल, आणि देवाचा दगड ‘थोडा बाजूला’ सरकवला जाईल. म्हणून आखणी आधी पाड्यातल्या जाणत्यांनी करावी. वाट कुठून न्यायची आणि कुठे हात लावायचा नाही, हे त्यांना विचारूनच ठरावे.

जंगलाची जमीन म्हणून अडचण सांगितली जाते. वनहक्क कायदा, 2006च्या कलम 3(2)मध्ये गावाच्या सोयीसाठी, रस्त्यांसह, एक हेक्टरच्या आत वनजमीन देण्याची तरतूद आहे. अट अशी की हेक्टरी 75पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आमच्या वाटेला एक झाडही तोडावे लागत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना तर पेसाने, म्हणजे अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, ग्रामसभेचा अधिकार आणखी बळकट दिला आहे. तो वापरून ग्रामसभांनी ठराव घ्यावा आणि वाट गावनकाशावर चढवून घ्यावी, म्हणजे पुढच्या पुरानंतर तिचा निदान पंचनामा तरी होईल.

काम आखाडीच्या आत व्हावे. आषाढ लागला की नाल्याला पाणी येते, मग दगडही नेता येणार नाहीत.

आपला,
एक वाचक,
ता. किनवट, जि. नांदेड