पिकअप जहाजावर चढवण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. नऊ वर्षे वापरलेली टोयोटाची डबल केबिन हायलक्स पिकअप आहे तिथेच विकावी, की जहाजाने पूर्व आफ्रिकेत पाठवून तिकडे विकावी, असे तू विचारले आहेस. सोबत तिकडच्या बाजारातला जो भाव कळवला आहेस, तो पाहून कोणाचेही मन हलेल. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुझी ओढाताण होणार नाही: गिऱ्हाईक ठरून त्याची निम्मी तरी रक्कम तुझ्या खात्यात जमा झाल्याशिवाय ही गाडी बंदराकडे नेऊ नकोस.

पहिली अडचण भावाची नसून वयाची आहे. तू सर्वांत आधी केनियाचे नाव घेतले आहेस, परंतु केनियात पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी आयातच करता येत नाही, आणि निर्यात करणाऱ्या देशातच तपासणी करून घेतल्याचे प्रमाणपत्रही सोबत लागते. म्हणजे तुझी गाडी कितीही उत्तम स्थितीत असली, तरी मोंबासा बंदरात तिचे वय पाहूनच तिला अडवतील. युगांडाने २०१८ मध्ये कायदा बदलून पंधरा वर्षांची मर्यादा घातली, त्यामुळे तिथे ती बसते. टांझानियात जुनी गाडी चालते, मात्र वय वाढले की जादा अबकारी कर लागतो. सुदैवाने तुझ्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि या तिन्ही देशांत तेच रूढ आहे; हीच गाडी घानाला पाठवायची म्हटली असती तर नेमके उलटे झाले असते, कारण तिथे उजव्या स्टिअरिंगला बंदी आहे. थोडक्यात, कोणत्या बंदरात ती कायद्याने उतरू शकते हे आधी ठरते आणि भावाचा विचार त्यानंतर येतो. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा लावतो. मीही एकदा लावला होता.

आता त्या भावाविषयी. तू जो आकडा ऐकला आहेस, तो तिकडच्या रस्त्यावर, तिकडच्या नंबर प्लेटसह उभ्या असलेल्या गाडीचा आहे. त्यात जहाजाचे भाडे, विमा, आयात शुल्क, तिथले इतर कर, बंदराचे खर्च, नोंदणी आणि विकणाऱ्याचा नफा हे सगळे धरलेले असते. बहुतेक देशांत शुल्काची आकारणी नुसत्या गाडीच्या किमतीवर होत नाही, तर किंमत, विमा आणि भाडे यांच्या एकत्रित रकमेवर होते, म्हणजे भाडे वाढले की करही वाढतो. बिलावर कमी रक्कम दाखवण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. तो ऐकू नकोस. ते बेकायदा आहे हे तर झालेच, शिवाय त्याचा उपयोगही होत नाही, कारण वापरलेल्या गाड्यांच्या बाबतीत सीमाशुल्क खाते बिलावर फारसे विसंबत नाही. केनियात तर नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार ठरलेली घट वजा करूनच मूल्य काढतात.

पिकअपचे आणखी एक त्रांगडे आहे. जागतिक शुल्कसूचीत माणसे वाहणाऱ्या गाड्या ८७०३ या शीर्षाखाली येतात आणि माल वाहणाऱ्या ८७०४ खाली. एकेरी केबिनच्या पिकअपबद्दल कोणाला शंका नसते, परंतु डबल केबिन ही माणसांची गाडी मानायची की मालाची, यावर वाद होतात, आणि दोन्हींचे दर वेगळे असले की हिशेबच बदलतो. म्हणून तिथल्या क्लिअरिंग एजंटकडून, म्हणजे सीमाशुल्काची कामे करून माल सोडवून देणाऱ्याकडून, हे आधी लेखी मागवून घे. (या वर्गवारीचे परिणाम किती लांब जातात पाहा: युरोपातील देशांनी अमेरिकी कोंबडीवर शुल्क लावले, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क बसवले. कोंबडीचे भांडण केव्हाच विझले, ते शुल्क मात्र राहिले.)

वाहतुकीचे दोन मार्ग आहेत. गाडी चालवत जहाजात नेऊन उभी करतात, ती रो-रो पद्धत. तिचे भाडे सहसा घनमीटरवर असते. तुझी गाडी साधारण ५.३३ मीटर लांब, १.८५ रुंद आणि १.८१ उंच धरली तर जवळजवळ १८ घनमीटर होतात. टपावरचे कॅरिअर तसेच ठेवलेस आणि त्याने उंची ३० सेंटिमीटरने वाढली, तर जवळजवळ ३ घनमीटर हवेचे भाडे भरशील. ते आधी काढ. रो-रोमध्ये किल्ली दुसऱ्यांच्या हाती जाते आणि केबिनमध्ये सुटे सामान ठेवू देत नाहीत. जॅक, पाने, म्युझिक सिस्टिम यांची नोंद फोटोंसह करून ठेव. दुसरा मार्ग कंटेनरचा. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब असतो, म्हणजे तुझी गाडी बसते, पण पुढच्या-मागच्या दोरखंडांना जेमतेम जागा उरते. चाळीस फुटीत बारा मीटर मिळतात आणि अशा दोन पिकअप एकामागे एक बसतात. तुझ्यासारखाच आणखी एक विक्रेता भेटला, तर भाडे निम्मे होते. माझ्या दृष्टीने एकट्या गाडीच्या व्यवहाराला अर्थ येण्याची हीच काय ती वाट आहे.

विम्यात काटकसर करू नकोस. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ नावाचे मोटारवाहू जहाज अझोर्स बेटांजवळ पेटले आणि १ मार्चला सुमारे चार हजार गाड्यांसह बुडाले. पण विमा केवळ बुडण्यासाठी नसतो. जहाज वाचवण्यासाठी कप्तानाने काही माल समुद्रात टाकला किंवा मोठा खर्च केला, तर ‘जनरल ॲव्हरेज’ या जुन्या सागरी नियमाप्रमाणे तो भार ज्यांचा माल सुखरूप राहिला त्यांच्यावरही वाटला जातो, आणि हमी दिल्याशिवाय माल सोडत नाहीत. तुझ्या गाडीला ओरखडाही नसताना तुला पैसे भरावे लागतील, हे विमा नसलेल्या माणसाला पटवून देणे फार अवघड जाते.

खरा धोका मात्र समुद्रात नाही, बिल ऑफ लेडिंग या कागदात, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीत आहे. त्याची मूळ प्रत ज्याच्या हाती, त्यालाच बंदरात गाडी मिळते. ‘गाडी पोहोचली की उरलेले देतो’ असे म्हणणारा खरेदीदार प्रामाणिक असेलही. पण गाडी तिथे उतरल्यावर मोफत मुदतीचे काही दिवस संपतात, विलंबशुल्क रोज चढू लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला टायर झिजलेले दिसू लागतात. त्या वेळी तू हजारो मैल दूर असतोस आणि गाडी परत आणण्याचा खर्च तिच्या किमतीला भिडलेला असतो, त्यामुळे तो म्हणेल त्या भावाला मान डोलवावी लागते. पूर्ण रक्कम बँकेत वटल्यावरच मूळ प्रत पाठव किंवा टेलेक्स रिलीजला, म्हणजे मूळ प्रतीशिवाय नुसत्या संदेशावर गाडी सोडण्याला, संमती दे. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरचे पैसे ‘एजंटला परत कर’ म्हणणारा भेटला, तर तिथेच बोलणे थांबव. असा चेक काही दिवसांनी न वटता परत येतो आणि तू पाठवलेले पैसे मात्र गेलेले असतात.

माझी फजिती तुला ठाऊक नाही, कारण लाजेने मी ती कोणाला सांगितली नव्हती. मी पाठवलेल्या गाडीच्या बिल ऑफ लेडिंगवर कारकुनाने चेसिस नंबरमधल्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला. सतरा अंकाक्षरांच्या त्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुळात वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. तिथल्या अधिकाऱ्याने ती चूक एका नजरेत पकडली. दुरुस्तीचा कागद येईपर्यंत गाडी तीन आठवडे पडून राहिली आणि माझा नफा बंदराच्या भाड्यात गेला. त्या कागदाचा मसुदा मंजुरीसाठी मलाही पाठवला होता. मी तो वाचला होता, असे मला तेव्हा वाटत होते.

म्हणून तुझ्यापुरते असे सुचवतो. युगांडातील किंवा टांझानियातील खरेदीदाराकडून लेखी मागणी आणि निम्मी आगाऊ रक्कम आली, तर कंटेनरमधला भागीदार शोधू. महिन्याभरात तसे न झाल्यास, दर महिन्याला कंटेनर भरून पाठवणाऱ्या निर्यातदाराला गाडी विकून टाक. तो तुला तिकडचा भाव देणार नाही, पण स्थानिक गिऱ्हाइकापेक्षा चार पैसे जास्त देण्याची शक्यता आहे, आणि पुढची जबाबदारी त्याची राहील. दोन-तीन महिने भांडवल अडकवून ठेवण्याची तुझी सध्या तयारी नाही, हे तूच मागच्या पत्रात लिहिले होतेस.

चेसिस प्लेटचा स्पष्ट फोटो आणि पहिल्या नोंदणीचा महिना मला कळव. गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक असेल तर तेही सांग, कारण तो उतरल्याशिवाय निर्यातीची कागदपत्रे पुढे सरकणार नाहीत. तोवर जहाजावर जागा राखण्यासाठी म्हणून कोणत्याही दलालाला काहीही देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र