नळी धुणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलाच्या वरच्या पटाशीच्या दाताशी झालेली सिस्ट भरून आली, त्याचं कौतुक सगळे आमचंच करताहेत. आमचं काम तासाभराचं. पुढचे पाच महिने रोज दोनदा नळी धुतलीत ती तुम्ही.

मार लागून दात आतून मेला, की कधी कधी मुळाच्या टोकाशी अशी पाण्याची पिशवी धरते आणि आतल्या दाबाने हाड झिजवत वाढते. तीन सेंटिमीटरची पिशवी एकदम खरवडून काढायची, तर शेजारच्या जिवंत दातांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. नाकाचा तळही तिथेच. म्हणून मेलेल्या दाताचं तेवढं रूट कॅनल केलं आणि ओठाच्या आतून पिशवीला छोटं भोक पाडून मऊ नळी टाक्यांनी बसवली. दाब उतरला की हाड कडेकडेने भरत येतं. पिशवी उघडी ठेवायची ही युक्ती जुनीच, जर्मन शल्यचिकित्सक कार्ल पार्च यांनी १८९२ मध्ये मांडलेली. आता भोक लहान असतं इतकंच. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, कारण एक्स-रेत काही ट्यूमरही हुबेहूब असेच दिसतात.

बिघडतं ते बहुधा घरी. धुणं चुकलं की अन्नकण अडकतात, वास येतो, पू धरतो. नळी निसटली आणि कुणी कळवलं नाही, तर भोक काही दिवसांत मिटतं. नळीच्या बाहेरच्या टोकाची कॉलर, म्हणजे रुंद कडा, नीट नसेल तर नळीच आत सरकते. तुम्ही मात्र १० मिलीची सिरिंज, बोथट सुई, कोमट सलाईन आणि अजिबात घाई न करता दाबणं, यातलं काही सोडलं नाहीत. बाहेर येणारं पाणी पांढऱ्या वाटीत धरून बघायचात. पिवळसर पाण्यातले ते चमचमणारे कण कोलेस्टेरॉलचे. ही वाटी आता आम्ही इतरांनाही सांगतो.

दुसऱ्या महिन्यात नळी टोचते म्हणून घाबरून फोन केलात. ती चांगली खूण होती: आतली पोकळी आकसली, नळीला जागा उरली नाही. तेव्हापासून दर खेपेला ती तीन-चार मिलिमीटर कापत गेलो.

सिरिंजा आता टाकून दिल्यात तरी चालेल. हाड पुरतं भरायला वर्ष किंवा जास्तही लागतं, तेव्हा सहा महिन्यांच्या एक्स-रेला त्याला घेऊन या. येताना ती वाटीही आणा, सिस्टरना बघायची आहे.

आपले,
दंतविभागातले आम्ही सगळे